घोषणेत दुरुस्ती

नगरपालिकेच्या सभांचं इतिवृत्त मी एकोणीस वर्षं लिहिलं. कोण काय बोललं ते लिहायचं, आणि जे बोलायला नको होतं ते गाळायचं, एवढंच काम. अध्यक्षांच्या उजव्या हाताला, एक पायरी खाली, माझं टेबल होतं. मी तिथं बसतो हे सगळ्यांना माहीत असायचं, पण मी तिथं आहे हे कुणाच्या लक्षात नसायचं.

ज्या वर्षी तळ्याला सभागृहात खुर्ची मिळाली, त्या वर्षीची ही गोष्ट.

वरून योजना आली होती. जे शहर निसर्गाला आवाज देईल, त्या शहराला निधी मिळणार होता. आमच्याकडे निसर्ग म्हणावं असं एक तळंच उरलं होतं, शहराच्या मधोमध, त्यामुळे निवड करायचा त्रास पडला नाही. खुर्ची कुठं ठेवायची यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली आणि शेवटी ती दाराजवळ, हात धुवायच्या बेसिनशेजारी ठेवली. “पाण्याला पाण्याचा शेजार!” असं एक सदस्य म्हणाले आणि सगळे हसले. हे मी लिहिलं नाही. तळ्याला दर सभेत दोन मिनिटं बोलता येणार होतं. मत नव्हतं. मतदान हात वर करून होतं आणि तळ्याला हात नसतो, असा खुलासा विधी विभागानं लेखी दिला होता.

आता तळ्याच्या वतीनं बोलायला कोणीतरी हवं. जनसंपर्क विभागाच्या मॅडमनी शोधून शोधून फलाटबाईंना आणलं.

फलाटबाई म्हणजे बसस्थानकावर सव्वीस वर्षं घोषणा करणाऱ्या बाई. खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर असेल, शहर त्यांना फलाटबाईच म्हणायचं. निम्म्या शहरानं त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. पण दुकानात त्या नुसतं “जरा लक्ष द्या” म्हणाल्या तरी माणसं पायाशी ठेवलेल्या पिशव्या उचलायची. दोन वर्षांपूर्वी स्थानकावर यंत्र बसलं आणि बाईंना वेळेआधीच निवृत्त केलं. तेव्हापासून घरात तो आवाज ऐकायला एकटा नवरा होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. ते बसड्रायव्हर. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून कान गेले होते. कानात यंत्र असायचं, पण ते मधूनच शीळ घालायचं.

पहिल्या सभेआधी मॅडमनी बाईंच्या हातात कागद ठेवला. “ताई, आवाज तुमचा, शब्द आमचे. काळजीच करू नका.”

ठरलेल्या वेळी बेसिनजवळच्या मायक्रोफोनवर लाल दिवा लागला. बाई उभ्या राहिल्या. “मी तुमचं तळं बोलतंय. मी खूप आनंदात आहे. माझ्या काठावर बसवलेली नवी बाकं मला फार आवडली.” असा काही गोड, स्वच्छ आवाज, की मी लिहायचा थांबलो. बाकीचे सह्या करत होते. चहाही त्याच दोन मिनिटांत फिरला, कारण सभेत मोकळा वेळ तेवढाच असतो. मी लिहिलं, ‘तळ्याने मनोगत व्यक्त केले.’

नागरिकांच्या बाकावर ड्रायव्हरसाहेब एकटेच बसले होते. बायको बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं, “काय म्हणालीस?”

बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं.

“तळ्याला बाकं आवडली?”

“हो, असं लिहिलं होतं.”

“तू जाऊन आलीस का तिथं?”

बाई जिना उतरू लागल्या. नंतर माझी त्यांच्याशी चांगली ओळख झाली तेव्हा त्यांनी सांगितलं, की तो प्रश्न त्या दिवशी डोक्यातून गेलाच नाही. स्थानकावर कुठल्याही गाडीची घोषणा करण्याआधी त्या खिडकीतून वाकून फलाट बघायच्या. कागदावर वेळ कितीही पक्की असो, गाडी डोळ्यांना दिसल्याशिवाय ‘आली आहे’ म्हणायचं नाही. आणि इथं त्या एका अख्ख्या तळ्याबद्दल न बघता बोलून आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं तळ्यावर गेले. तिथं पालिकेचा होडीवाला असतो. चपट्या होडीतून फिरून तरंगणारा कचरा जाळीनं काढायचा, हे त्याचं काम. माणूस अबोल. पण बाईंनी वही उघडून “तळ्याची तब्येत कशी आहे?” असं विचारल्यावर त्यानं जाळी खाली ठेवली. बावीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानं सगळं दाखवलं. उत्तरेचा नाला दर बुधवारी फेस आणतो. खांबावरच्या मोजपट्टीवर पाणी दोन रेषा उतरलंय. आणि पश्चिमेचा कोपरा, जिथं पाणी जेमतेम गुडघाभर आणि पाणकणीस दाट. “सगळे म्हणतात तिथं नुसता चिखल आहे,” तो म्हणाला. “पण बाई, तळ्याचं बाळंतपण त्या कोपऱ्यातच होतं. मासे तिथं, बेडूक तिथं, पाणकोंबड्या तिथं. तो गेला की बाकीचं नुसतं साठवलेलं पाणी.”

पुढच्या सभेत बाईंनी मॅडमचा कागद घडी करून ठेवला आणि स्वतःची वही उघडली.

“कृपया लक्ष द्या. उत्तरेच्या नाल्याचं पाणी बुधवारी सकाळी सात वाजता फेसासह दाखल झालं आहे. पाण्याची पातळी चौदाव्या रेषेवरून बाराव्या रेषेवर आली आहे. पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणकोंबडीची सात पिल्लं सुखरूप पोहोचली आहेत.”

“वा, छान,” अध्यक्ष सहीवरून मान न उचलता म्हणाले.

मागच्या बाकावरून आवाज आला, “किती पिल्लं?”

“सात हो, सात!” बाई मायक्रोफोनमधूनच म्हणाल्या.

सभागृहात हशा पिकला. सभा संपल्यावर मॅडम बाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, पिल्लं विषयपत्रिकेवर नव्हती.”

“ती काय विचारून बाहेर येतात का?” बाई म्हणाल्या.

मॅडम तशा वाईट नव्हत्या. त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते आवरलं.

पुढचे पाच महिने असंच चाललं. बाई दर आठवड्याला तळ्यावर जायच्या, होडीवाल्याकडून बातमी घ्यायच्या आणि सभेत सांगायच्या. दरवेळी ड्रायव्हरसाहेब “काय?” विचारायचे आणि बाई पुन्हा सांगायच्या. त्यामुळे तळ्याची प्रत्येक गोष्ट त्या सभागृहात दोनदा बोलली गेली. आणि दरवेळी मी लिहीत गेलो, ‘तळ्याने मनोगत व्यक्त केले.’ नाल्याला फेस येतच राहिला. सात पिल्लांची पाच झाली, हेही बाईंनी सांगितलं, अगदी सांभाळून, एखाद्याच्या घरी निरोप द्यावा तसं. तेव्हा बिस्किटं वाटली जात होती.

मग ‘तळ्याचा आवाज’ केंद्राचा प्रस्ताव आला.

गोल इमारत, काचेच्या भिंती. आत लोकांनी कानाला यंत्र लावून बसायचं आणि तळ्याचं म्हणणं शांतपणे ऐकायचं. शेजारी चाळीस गाड्यांचा वाहनतळ. जागा म्हणजे तळ्याचा पश्चिम कोपरा. पाणी उथळ असल्यामुळे भराव घालणं सोपं पडेल, असं अभियंत्यांनी नमूद केलं होतं. वरची अट एकच होती. तळ्याची संमती सभेत घ्यावी, आणि ती नोंदलेलं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम करून पाठवावं.

मॅडमनी या वेळी कागद दोन्ही हातांनी दिला. ‘माझा एक छोटासा कोपरा मी तुम्हाला आनंदानं देत आहे.’

बाईंनी तो वाचला. मग उभ्या राहून, वही न उघडता, त्या बोलल्या. “कृपया लक्ष द्या. पश्चिमेचा कोपरा देता येणार नाही. तिथं माझी पिल्लं वाढतात. तिथलं पाणकणीस नाल्याचं पाणी गाळून आत सोडतं. तो बुजवला तर मी तळं राहणार नाही. संमती नाही.”

मागच्या बाकावरून “काय?” आलं आणि बाईंनी ते सगळं पुन्हा सांगितलं. पेनं क्षणभर थांबली. एक सदस्य शेजाऱ्याला म्हणाले, “तळं हल्ली फार मनाला लावून घेतं.” अध्यक्षांनी हसतमुखानं सांगितलं, “तळ्याच्या भावनांचा आम्हाला पूर्ण आदर आहे. प्रस्ताव मताला टाकतो.” भराभर हात वर झाले. “विरुद्ध?”

बाईंनी हात वर केला.

“ताई,” अध्यक्ष अगदी प्रेमानं म्हणाले, “तळ्याला हात नसतो.”

“काय झालं? काय म्हणाले?” मागून ड्रायव्हरसाहेब.

अध्यक्ष पुढच्या विषयाकडे वळले होते. बाईंना स्वतःच सांगावं लागलं, तेही मोठ्यानं, नवऱ्याला ऐकू जाईल असं. “माझा हात मोजत नाहीत म्हणाले, अहो.”

सभा संपल्यावर अध्यक्षांनी मला बोलावलं. “तो मुद्दा असा घ्या. ‘तळ्याने संमती दर्शवली.’” मी मान हलवली आणि तसं लिहिलं. एकोणीस वर्षांची सवय. हात आपोआप चालतो.

बाईंना आभाराचं पत्र गेलं. त्यांची आता गरज नव्हती, कारण सुरुवातीलाच त्यांच्याकडून चारशे शब्द ध्वनिमुद्रित करून घेतले होते. ते जोडून हवं ते वाक्य करता येत होतं. पत्र वाचून ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं, “त्या चारशेत ‘नाही’ होतं का गं?” बाईंनी आठवून पाहिलं. ‘आनंद’ होतं, ‘स्वागत’ होतं, ‘होय’ तीन तऱ्हांनी म्हणून घेतलं होतं. ‘नाही’ नव्हतं.

आठवड्याभरात तळ्याच्या काठी खांबांवर कर्णे बसले. रोज संध्याकाळी पाच वाजता त्यातून घोषणा व्हायची. दोघं फिरायला गेले असताना बाईंनी ती पहिल्यांदा ऐकली. त्यांचाच आवाज, शब्दाशब्दात किंचित अंतर पडलेला. “मी तुमचं तळं. माझा कोपरा. आनंदानं. देत आहे.” पलीकडे, वरच्या मंजुरीची वाट न बघताच, मातीचे ट्रक रिकामे होत होते.

ड्रायव्हरसाहेब चालता चालता थांबले. शब्द त्यांना कळले नाहीत, पण आवाज कळला. “तूच ना? काय म्हणतेयस?”

“काही नाही. चला घरी.”

त्यानंतर तीन दिवस बाई बोलल्या नाहीत. चहा हवा का, दिवा घालवू का, सगळं मानेनं. आधीच कानानं बंद असलेलं घर आता पुरतं बंद झालं. हे मला ड्रायव्हरसाहेबांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला, त्यात साखर विसरले, आणि बाईंसमोर कप ठेवून म्हणाले, “तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. एकदा तू माझी गाडी चुकीच्या फलाटावर सांगितली होतीस.”

बाईंनी वर पाहिलं.

“साठेक माणसं सामान घेऊन दोनकडे धावली, आणि मी उभा पाचवर. तू दुरुस्ती सांगितलीस, पण गोंधळात कुणाला ऐकू गेली नाही. तर तू खोलीतून उठून जिना उतरून धावत खाली आलीस. चप्पल एकाच पायात. एकेका माणसाला दंडाला धरून पाचवर आणून सोडलंस. एक म्हातारी राहिली होती, तिची ट्रंकसुद्धा उचललीस. मी स्टिअरिंगवर बसून बघत होतो. त्याच दिवशी ठरवलं, लग्न करायचं तर हिच्याशी.”

“चुकले म्हणून?” तीन दिवसांतला बाईंचा पहिला शब्द.

“धावत आलीस म्हणून.”

बाईंनी कप उचलला आणि एक घोट घेतला. “साखर कुठंय?” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाचच्या घोषणेला त्या कर्ण्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. कर्णा बोलून थांबला आणि बाईंनी सुरुवात केली. हातात काही यंत्र नव्हतं. “कृपया लक्ष द्या. आत्ता झालेल्या घोषणेत दुरुस्ती आहे. तळ्यानं कोपरा आनंदानं दिलेला नाही. तळ्यानं संमती दिलेली नाही. चुकीच्या घोषणेबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.”

“काय?” शेजारून ड्रायव्हरसाहेब. बाईंनी पुन्हा सांगितलं. तोपर्यंत पंधरावीस माणसं थांबली होती, आणि दोघातिघांनी सवयीनं हातातल्या पिशव्या उचललेल्या होत्या.

मग हे रोजचं झालं. होडीवाला काठाला होडी लावून दिवसभराची बातमी द्यायचा. माणसं वाढत गेली. पालिकेनं बाईंना हटवायला एक पहारेकरी पाठवला. पहिल्या दिवशी तो लांब उभा राहिला, दुसऱ्या दिवशी जवळ आला, तिसऱ्या दिवशी त्यानं बाईंना बसायला आपलं स्टूल आणून दिलं.

मला हे माझ्या बायकोकडून कळलं. ती रोज तिथं फिरायला जाते. एका संध्याकाळी ती भाजी चिरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “फलाटबाई म्हणतात तळ्यानं नाही म्हटलं. कर्णा म्हणतो हो म्हटलं. तुम्ही तर तिथं होतात. तुम्हीच लिहिता ना?”

मी लिहितो, असं म्हणालो.

“मग काय लिहिलंत?”

मी पाणी प्यायला उठलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

इतिवृत्ताची एक पद्धत असते. या सभेत जे झालं ते लिहायचं, पुढच्या सभेच्या सुरुवातीला वाचून दाखवायचं, आणि हरकत नसेल तर अध्यक्ष सही करून ते कायम करतात. एकदा कायम झालं की तेच खरं. पुढच्या सभेच्या आदल्या दुपारी मी ते पान पुन्हा काढलं. ‘तळ्याने संमती दर्शवली’ ही ओळ खोडली आणि त्या जागी बाईंचे शब्द जसेच्या तसे लिहिले. मला ते पाठ होते. दोनदा ऐकून पाठ न व्हायला काय झालं?

सभेत मी वाचायला उभा राहिलो. नेहमीसारखाच वाचत होतो. पाणीपुरवठा झाला, रस्त्यावरचे दिवे झाले. अध्यक्ष फोनवर कुणाशी तरी हळू बोलत होते. काही जण पेपर वाचत होते, एकांचा डोळा लागला होता. “विषय क्रमांक सहा,” मी वाचलं. “तळ्याने पुढीलप्रमाणे सांगितले. पश्चिमेचा कोपरा देता येणार नाही. तिथं माझी पिल्लं वाढतात...” मी एकही शब्द गिळला नाही. “संमती नाही,” हे तर जरा मोठ्यानंच वाचलं गेलं.

एकच मान वर झाली. जनसंपर्काच्या मॅडमची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि खाली बघू लागल्या.

“इतिवृत्त कायम करायला कुणाची हरकत?” मी विचारलं.

“मंजूर, मंजूर,” चारी बाजूंनी आवाज आले. फोन खांद्यानं धरून अध्यक्षांनी सही केली.

तीन आठवड्यांनी वरून पत्र आलं. तळ्याने नकार दिल्याचे कायम झालेल्या इतिवृत्तावरून स्पष्ट दिसत असल्याने केंद्राचा प्रस्ताव परत पाठवण्यात येत आहे. अध्यक्षांनी मला बोलावलं. पत्र आणि इतिवृत्त, दोन्ही त्यांच्यासमोर होतं.

“हे काय लिहिलंत तुम्ही?”

“बोलले गेले तेच, साहेब.”

“वाचून दाखवलं होतंत?”

“हो. खाली आपली सही आहे.”

त्यांनी पान जवळ ओढून सही पाहिली. मग म्हणाले, “मला कसं ऐकू आलं नाही?” ते रागावलेले नव्हते. खरंच कोड्यात पडल्यासारखे दिसत होते, आणि मला त्यांची थोडी कीव आली.

माझी बदली तळघरात झाली, जन्म-मृत्यू नोंदणीकडे. तिथं उजेड कमी आहे, पण जे झालं तेच लिहितात. कोपऱ्याचा तिसरा हिस्सा भरावाखाली गेला तो गेला. ती माती काढायची तरतूद कुठल्याच योजनेत नाही. तिच्यावर आता गवत आलंय. कर्णे काढून नेले. वार्षिक भाषणात अध्यक्षांनी सांगितलं, की तळ्याचा आवाज ऐकणारी आमची पहिली नगरपालिका. टाळ्या झाल्या.

एका रविवारी सकाळी होडीवाल्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं. फलाटबाई, ड्रायव्हरसाहेब, मी आणि माझी बायको. इतके महिने तळ्याच्या वतीनं बोलूनही बाई पाण्यावर कधी गेल्या नव्हत्या. त्यांना पोहता येत नव्हतं. होडीत पाय टाकताना त्यांनी नवऱ्याचा दंड असा घट्ट धरला, की तो “अगं, सुटणार नाही मी” म्हणाला.

तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस दुसऱ्याच्या होडीत गप्प बसेल तर शपथ. “जरा डावीकडे घ्या. इथं वळण मोठं घ्यायला हवं होतं. समोर बघा, समोर.” होडीवाला निमूटपणे ऐकत होता. पाणकणसाजवळ आल्यावर त्यानं एक शब्द न बोलता वल्हं ड्रायव्हरसाहेबांच्या हातात दिलं.

त्यांनी मोठ्या रुबाबात वल्हं मारलं. होडी जागच्या जागी गोल फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. माझ्या बायकोनं डोळे मिटून घेतले. फलाटबाई मात्र दोन्ही हातांनी फळी धरून हसायला लागल्या, आधी तोंडातल्या तोंडात, मग मोकळ्यानं, आणि आम्ही पाचही जण त्या कोपऱ्यात गोल गोल फिरत राहिलो.